मदत हवी आहे: ग्लुकोज अपटेकचा आलेख सरळच जातो, सॅच्युरेशन येतच नाही

पिपेटवाली: ग्लुट१ (ग्लुकोज पेशीत नेणारं प्रथिन) चा अपटेक, म्हणजे ग्लुकोज किती वेगाने आत जातं ते, मोजतेय. कॉन्सन्ट्रेशन वाढवलं की अपटेक नुसता वाढतच जातो, पार २० मिलिमोलरपर्यंत सरळ रेष, वळायचं नावच नाही. के-एम (ज्या कॉन्सन्ट्रेशनला वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ते) काढू कशावरून? सायटोकॅलासिन बी (ग्लुट१ अडवणारा इनहिबिटर) घालून पण पाहिलं, थोडंसंच कमी होतं. म्हणजे सगळं डिफ्युजननेच आत जातंय का? सोमवारी गाईडना आलेख दाखवायचाय, प्लीज लवकर सांगा.

जुना_लॅबकर: पेशी कुठल्या, ट्रेसर (मोजण्यासाठी घातलेली रेडिओॲक्टिव्ह साखर) कुठला, किती वेळ ठेवता, तापमान किती, ब्लँक (वजा करायचं शून्याचं मोजमाप) कसा घेता? यातलं काहीच नाही आणि वर लवकर सांगा.

निळीशाई: माझं ऐकाल तर पेशींचा नाद सोडा. झेनोपस बेडकाच्या अंडपेशीत ते प्रथिन बनवणारा आरएनए टोचा, इलेक्ट्रोड लावा आणि करंट बघा. एसजीएलटी१ (ग्लुकोज नेणारं दुसरं प्रथिन) आम्ही असाच केला, मस्त आलेख येतात, रेडिओॲक्टिव्हची कटकट नाही.

जुना_लॅबकर: एसजीएलटी१ एका ग्लुकोजबरोबर २ सोडियम आत घेतो म्हणून करंट येतो. ग्लुट१ नुसतं ग्लुकोज नेतो, त्याला चार्जच नाही, करंट येणार कुठून?

निळीशाई: मग अंडपेशीतच ट्रेसर वापरा की. एचईके (लॅबमध्ये वाढवतात त्या मानवी पेशी) सारख्या पेशींत मुळातच स्वतःचा ग्लुट१ असतो, अंडपेशीत हा गोंधळ फार कमी.

अभ्यासू: सोपं आहे. कॅरियर आकार बदलून पदार्थ पलीकडे सोडतो, फॅसिलिटेटेड डिफ्युजनला एटीपी लागत नाही, सोडियम-पोटॅशियम पंपाला लागतं, ३ सोडियम बाहेर २ पोटॅशियम आत.

गुपचूप: हे कोणी विचारलं होतं?

पिपेटवाली: एचईके २९३च आहेत, २४ वेलची प्लेट. ट्रिशियमवालं (रेडिओॲक्टिव्ह हायड्रोजन लावलेलं) ३-ओ-मिथाईल ग्लुकोज, ३७ डिग्री, २० मिनिटं, मग गार बफरने ३ वेळा धुवून पेशी फोडून (लाइज) काउंट. ब्लँक म्हणजे ट्रेसर न घातलेल्या पेशी. सगळे असंच करतात ना?

गुपचूप: २० मिनिटं?? अहो ३-ओ-मिथाईल ग्लुकोज आत जाऊन फॉस्फोरिलेट होत नाही (फॉस्फेट लागून अडकत नाही), ज्या वाटेने आत येतं त्याच वाटेने परत बाहेर पडतं, त्यामुळे थोड्याच वेळात आतबाहेर सारखं होऊन बसतं. तुम्ही वेग मोजतच नाही आहात, पेशीत मावतं किती ते मोजताय, आणि ते बाहेरच्या कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणातच असणार, मग रेष वळेल कशी. इनहिबिटर पूर्ण बंद करत नसेल तर पोचायला उशीर होतो एवढंच, शेवटी गाडी तिथेच जाते. रेषेचा उतार काढून बघा, ते आकारमान निघेल. दहा लाख पेशींमागे १-२ मायक्रोलिटर आलं तर समजा पेशीतलं पाणीच मोजलंत.

पिपेटवाली: १.३ येतंय 😑 मग वेळ किती ठेवू ते सांगा ना.

जुना_लॅबकर: तो आकडा आम्ही नाही सांगायचा, टाइम कोर्स काढा. ५, १०, २०, ३० सेकंद, मग १ आणि २ मिनिटं, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त अशा दोन्ही कॉन्सन्ट्रेशनला. कमीवाली आधी वळते, तिच्यावर लक्ष ठेवा. रेष सरळ आहे तेवढाच वेळ वापरायचा. फारच लवकर वळली तर तापमान उतरवा, के-एम मात्र त्या तापमानाचाच म्हणून लिहा. आणि तो ब्लँक काही कामाचा नाही. आधी स्टॉप सोल्यूशन (अपटेक थांबवणारं), मग ट्रेसर, लगेच धुणे, त्यात चिकटलेलं आणि उरलेलं सगळं येतं.

हातसफाई: ५ सेकंदांत हाताने २४ वेल? काहीही! सरळ २-डीऑक्सी ग्लुकोज घ्या. आत गेलं की हेक्सोकायनेज हा एन्झाइम फॉस्फेट लावतो आणि ते अडकतं, ५ मिनिटं आरामात मिळतात.

जुना_लॅबकर: आणि जास्त कॉन्सन्ट्रेशनला हेक्सोकायनेज मागे पडला की के-एम कोणाचा, ग्लुट१ चा की त्याचा?

हातसफाई: सगळं जग वापरतं.

गुपचूप: दोन प्लेटमध्ये तुलना करायला वापरतं, के-एमसाठी जपूनच. बरं पिपेटवाली, तुमचा स्टॉप नुसता गार बफर आहे, ३ वेळा धुता धुता आतलं बाहेर जात असणार. बर्फगार बफरमध्ये फ्लोरेटिन घाला, ते ग्लुट१ अडवतं.

पिपेटवाली: फ्लोरेटिन संपलंय. सायटोकॅलासिन बी चालेल?

गुपचूप: चालेल, पण डोस वाढवा, आणि प्रत्येक वेलला एकच स्टॉप वापरा, ब्लँकलाही. एल-ग्लुकोजचा (ग्लुकोजचं आरशातलं रूप) ट्रेसर मिळाला तर एक रांग त्याची पण लावा, तो ग्लुट१ मधून जवळपास जातच नाही, गळती किती ते कळेल.

पिपेटवाली: ओके. सोमवारी गाईडना टाइम कोर्सच दाखवते, के-एम नंतर.

निळीशाई: अंडपेशींचा प्रोटोकॉल हवा असेल तर मेसेज करा, खरंच सोपं आहे.