आईला ‘तो’ म्हणून सांगायचे आहे. शब्द कोणता वापरावा?

सायंतारा: मी पुरुष आहे आणि गेली चार वर्षे माझे एका पुरुषावर प्रेम आहे. आईला मी एवढेच सांगितले होते की माझ्या आयुष्यात एक व्यक्ती आहे. ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी असल्यामुळे पुढे ‘ती सोलापूरची आहे’, ‘तिला चहा आवडत नाही’ असे व्याकरणशुद्ध बोलत गेलो. त्यात एकही वाक्य खोटे नव्हते, पण आईला त्या ‘ती’मध्ये सून दिसली. आता खरे सांगायचे आहे. ‘समलिंगी’, ‘समलैंगिक’ हे शब्द समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७च्या बातम्यांत ठीक वाटतात. स्वयंपाकघरात आईसमोर उच्चारताना मात्र त्यांतले ‘लिंग’ आधी ऐकू येते आणि प्रेम ऐकूच येत नाही. कोणी मराठीतून सांगितले असल्यास कोणत्या शब्दांत?

पाणवठा: नाम शोधू नका, ‘मला पुरुष आवडतात’ असे सरळ सांगा. मराठीत भूक ‘मला’ लागते, आठवण ‘मला’ येते, तसेच हे आवडणेही ‘मला’ होते. ते मी ठरवून केलेले नाही, हे वाक्याच्या घडणीतच येते. ‘असे का केलेस?’ हा प्रश्न आई विचारण्याची शक्यता असते, म्हणून हे महत्त्वाचे.

अबोली: मी ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्मल्यावर मला मुलगा मानले गेले, पण मी स्त्री आहे. तुम्हाला दुसऱ्याचे लिंग झाकता आले. मला ‘जातो’ की ‘जाते’ हे स्वतःबद्दल सतत ठरवावे लागे. कित्येक महिने मी ‘मी येईन’, ‘मी भाजी आणली’ अशाच वाक्यांत राहिले, कारण तेथे क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग विचारत नाही. मग एका संध्याकाळी दारातून ‘मी आले’ म्हटले. आई काही बोलली नाही. तीन आठवड्यांनी आतून तिचाच आवाज आला, ‘आलीस का?’

जुनावाचक: पाणवठा यांचे पटते, तरी नाम टाकून देऊ नये. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. हे आईला वाचायचे असेल, तर शोधायला तिच्याकडे शब्द हवा. पुण्यातील बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीतच लिहिले आहे, आणि त्यांच्या संस्थेचे ‘समपथिक’ हे नाव पाहा: त्यात लिंग नाही, वाट आहे.

सायंतारा: आभारी आहे. रविवारी ‘तो सोलापूरचा आहे’ या वाक्यापासून सुरुवात करीन.