ओसी, एसटीएम आणि मेगाबाइटचा हिशेब

ओसी (ऑप्टिकल कॅरिअर) म्हणजे सोनेट या फायबरवरच्या दूरसंचार मानकातले ठरलेले वेग. त्यातल्या ओसी-३ चा हिशेब असा करतात: सेकंदाला १५५.५२ मेगाबिट भागिले ८, म्हणून सेकंदाला १९.४४ मेगाबाइट. हा गणित म्हणून अगदी बरोबर आहे. पण फाइल कॉपी करताना हा आकडा कधीच दिसणार नाही.

मुळात हा १५५.५२ येतो कुठून? सोनेटच्या एका मूळ फ्रेममध्ये (डेटाच्या ठरावीक आकाराच्या गठ्ठ्यात) ९ ओळी आणि ९० स्तंभ, म्हणजे ८१० बाइट. अशा ८००० फ्रेम सेकंदाला जातात. ८१० × ८ × ८००० = ५१.८४ मेगाबिट, हा झाला ओसी-१. पुढे नुसता गुणाकार: ओसी-३ त्याच्या तिप्पट, आणि एसडीएचमध्ये, म्हणजे सोनेटच्या आंतरराष्ट्रीय जोडीदार मानकात, त्याच वेगाला एसटीएम-१ म्हणतात. एसटीएमपुढचा आकडा तिनाने गुणला की ओसीपुढचा मिळतो.

आता खरी गोम. त्या १५५.५२ मध्ये ओव्हरहेडही, म्हणजे यंत्रणेच्या स्वतःच्या नियंत्रणासाठीचे बाइटही, धरलेला आहे. तो वजा केला की एसटीएम-१ मध्ये डेटासाठी १४९.७६ मेगाबिट उरतात, म्हणजे १८.७२ मेगाबाइट. संगणक १०२४ च्या पटीत मोजत असेल तर तेच १७.८५ दिसतात. शिवाय आयपी, टीसीपी या इंटरनेटच्या नियमांनी प्रत्येक पाकिटाला जोडलेली हेडरं आहेतच, तीही जागा खातात.

इथरनेटचं उलटं. गिगाबिट इथरनेटचे १००० मेगाबिट हे कोडिंगच्या आधीचे. फायबरवर ८बी/१०बीमुळे, म्हणजे दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवणाऱ्या कोडिंगमुळे, प्रत्यक्षात १२५० धावतात. त्यामुळे ओसी-१९२ (९९५३.२८ मेगाबिट) आणि १० गिगाबिट इथरनेट जवळपास सारखे वाटले, तरी ते एकच समजू नका. १० गिगाबिट इथरनेटच्या लॅनवाल्या (स्थानिक नेटवर्कच्या) प्रकाराचा फायबरवरचा वेग १०.३१२५ गिगाबिट असतो, तो ओसी-१९२ मध्ये बसत नाही. त्यासाठी वॅनवाला (दूरवरच्या नेटवर्कचा) प्रकार वेगळा काढावा लागला.