लेस पॉलला बिगस्बी बसवायचाय पण लाकडाला ड्रिल लावायचं नाहीये, जमेल का?

निषाद_सहातारी

नमस्कार मंडळी, माझ्याकडे एपिफोनची लेस पॉल स्टँडर्ड आहे, साधा फिक्स ब्रिज, म्हणजे तारांना टेकू देणारा ट्यून-ओ-मॅटिक आणि मागे तारा अडकवायचा स्टॉपबार. गिटार गोड वाजते, ट्यूनिंग धरते, विकायचा प्रश्नच नाही. पण हल्ली मी भावगीतं आणि नाट्यपदं वाजवायला लागलोय, शब्द नाहीत, नुसती चाल आणि मधेमधे कॉर्ड. एकेरी सुराला डाव्या हाताने कंप देता येतो, पण ओळ संपताना चार तारांची कॉर्ड सोडली की ती नुसती उभी राहते, तिला जरासं हलवावंसं वाटतं आणि बोटांनी सगळ्या तारा एकदम हलत नाहीत. म्हणून बार हवाय, म्हणजे बिगस्बी, दांडी हलवली की सगळ्या तारांचा सूर एकदम हलवणारं यंत्र.

आमच्याकडच्या एका गिटार रिपेअरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला बॉडीत आरपार खड्डा कोरून फेंडरच्या स्ट्रॅट गिटारसारखा ट्रेमोलो (तसंच बारचं यंत्र) बसवून देतो, दोन दिवसांत गिटार घेऊन जा. ऐकूनच पोटात गोळा आला. नेटवर बघितलं तर बिगस्बीचे बी५, बी७, बी७०, बी३ असे इतके नंबर आहेत की डोकं फिरलं. कुठला घ्यायचा, ड्रिल न लावता बसतो का, आणि सगळे म्हणतात तसं ट्यूनिंगचा खरंच बट्ट्याबोळ होतो का? १०-४६ जाडीच्या तारा लावतो, बार हळूच वापरणार, रॉकवाल्यांसारखं तार ढिली पडेपर्यंत दाबणं वगैरे काही नाही.

लाकूडकाम_नाशिक

निषादभाऊ, पहिली गोष्ट, खड्डा अजिबात कोरू देऊ नका. स्ट्रॅटचा ट्रेमोलो बसवायचा तर ब्रिजखाली आरपार खाच लागते आणि पाठीमागे स्प्रिंगांसाठी मोठा कप्पा, ते लाकूड एकदा गेलं की गेलं. आणि लेस पॉलची मान मागे कललेली असते, त्यामुळे ब्रिज बॉडीपासून बराच वर असतो, तिथे स्ट्रॅटचा सपाट ब्रिज उंचीलाच जुळत नाही. म्हणजे पैसे गेले, लाकूड गेलं आणि वर सेटअप पण बिघडला.

आता नंबरांचं. बी५ सपाट बॉडीच्या गिटारांसाठी, टेली, एसजी वगैरे. बी३ आणि बी६ पोकळ बॉडीच्या गिटारांना. तुमच्या लेस पॉलची वरची फळी फुगीर आहे, तिला बी७. बी७० म्हणजे त्याच घाटाचा, परवान्याखाली आशियात बनणारा स्वस्त भाऊ, तुमच्या हळूच वापराला तोही चालेल. नाव नसलेले त्याहून स्वस्त मिळतात ते घेऊ नका, बिगस्बीचा आडवा दांडा सुईसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगवर फिरतो आणि सगळी गंमत तिथेच आहे. नकलांमध्ये बऱ्याचदा नुसतं बुश, म्हणजे साधी नळी असते, दांडा मधेच अडकतो आणि मग लोक नावं ठेवतात बिगस्बीला.

बी७ मूळ पद्धतीने बसवला तर मागच्या बाजूला पट्ट्याच्या बटणापाशी स्क्रू आणि पुढे वरच्या फळीत दोन स्क्रू लागतात. ते नको असतील तर व्हायब्रामेटची व्ही७ प्लेट घ्या. ती स्टॉपबारच्याच दोन बोल्टवर बसते, मागचं टोक पट्ट्याच्या बटणाच्या भोकात, नवीन भोक एकही नाही. उद्या नको झालं तर स्टॉपबार परत लावला की गिटार होती तशी, म्हणून जुना स्टॉपबार आणि बटण एका पुडीत घालून केसमध्येच ठेवा.

बसवताना मात्र घाई नको. दोन्ही टोकांच्या तारांच्या जागी नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) पार बटणापर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरायचा आणि बिगस्बी त्याच्या बरोब्बर मध्ये येतोय का ते बघायचं, तो तिरका बसला की सहावी तार फिंगरबोर्डच्या काठावर सरकते. फिनिशवर आधी कागदी टेप मारा. बटणाचा नवीन स्क्रू जुन्यापेक्षा जाड असेल तर त्याला आधी थोडा साबण घासा, नुसता जोर लावून फिरवला तर लाकडात स्क्रूचं डोकंच तुटून येतं आणि मग खरंच ड्रिल लावायची वेळ येते.

मुलुंडची_टेली

माझ्या टेलीवर बी५ आहे त्यामुळे ट्यूनिंगबद्दल मी बोलते. ट्यूनिंग बिघडतं ते बहुतेक वेळा बिगस्बीमुळे नाही, नटमुळे. बार हलला की तार नटच्या खाचेतून आणि ब्रिजच्या सॅडलवरून (तार टेकते तो तुकडा) पुढेमागे सरकते, जिथे अडकेल तिथे थांबते, हिशोब एवढाच आहे. लेस पॉलला जास्त त्रास होतो कारण हेडस्टॉक (खुंट्यांचा भाग) मागे वाकलेला आणि डी, जी या मधल्या तारा नटमधून निघाल्या की खुंट्यांकडे जाताना बाजूला वळतात. जी तार तर सगळ्यांना रडवते.

दोष कुठे आहे ते घरच्या घरी कळतं. बार खाली दाबून सोडा, तार चढी राहिली तर ती परत येताना नटमध्ये अडकलीय. त्याच तारेला पहिल्यादुसऱ्या पडद्यावर जरासं ओढून सोडा, सूर खाली येऊन जागेवर बसला तर नटच. आता उलटं करा, बार वर उचलून सोडा. तार उतरलेली राहिली तर नटच्या मागे, खुंटी आणि नटच्या मधे, तार बोटाने दाबून सोडा, सूर वर सरकून जागेवर आला तरी गुन्हेगार नटच. दोन्ही करून काहीच फरक नाही पडला तर मग ब्रिजकडे बघा.

उपाय स्वस्त आहेत. तार काढून खाचेत २बी पेन्सिलीचं शिसं चांगलं घासायचं, प्रत्येक वेळी नवीन तारा लावताना. तेवढ्याने नाही भागलं तर खाच बारीक कानशीने तारेच्या जाडीइतकी आणि खुंटीच्या दिशेला जराशी मोकळी करून घ्यायची, पण हे ज्याच्याकडे नटच्या कानशी आहेत त्याच्याकडूनच, किंवा ग्राफ टेकचा टस्क एक्सएल नट बसवून घ्यायचा. ब्रिज रोलरचा केला तर उत्तम, पण विकत घेताना प्रत्येक रोलर नखाने फिरवून बघा, काही ढिले असतात आणि ठराविक सुरांना बारीक खरखर करतात. लॉकिंग खुंट्या (तार आवळून धरणाऱ्या) शेवटी घ्या, त्या तार पटकन बदलायला छान आहेत, नटमधला अडथळा त्यांनी जात नाही. लोक आधी खुंट्यांवर पैसे घालतात याचं मला फार वाईट वाटतं.

आणि बी५, बी७ दोन्हींना पुढे जो आडवा दांडा तारा खाली दाबतो ना, त्याने ब्रिजवरचा कोन खूप तीव्र होतो. म्हणून सॅडलच्या खाचा गुळगुळीत हव्यात, नाहीतर तिथेही तेच रडगाणं.

कोमल_गंधार

निषादजी, तुमचा उद्देश वाचून आनंद झाला, म्हणून थोडं वेगळं सांगतो. नाट्यपदं म्हणताय म्हणजे कधी ना कधी बारने मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) काढायचा मोह होणारच. बिगस्बीवर तो आवरा. त्याची चाल खाली साधारण अर्धा-पाऊण सूर, वर त्याहून कमी, आणि सगळ्या तारा एकदम हलतात पण सारख्या नाही, जाड तारेचा सूर जास्त पडतो आणि बारीक तारेचा कमी. त्यामुळे खालची तार सा म्हणून वाजत ठेवली आणि वर बारने गंधार हलवायला गेलात तर सा पण हलला, आणि सा हलला की ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीनच सरकते. दरबारीच्या गंधाराचं आंदोलन डाव्या हाताने तार ओढूनच करा, तिथे बाकीच्या तारा जागेवर राहतात. एकेरी तारेवर बारने गाणारा माणूस म्हणजे गिटारिस्ट जेफ बेक, पण त्याची स्ट्रॅट, तो तरंगता ट्रेमोलो, ती जातच वेगळी.

मात्र तुम्ही जे लिहिलंय, ओळ संपताना कॉर्डला एक हलकी लहर, त्यासाठी बिगस्बीइतकं सुंदर दुसरं काही मला माहीत नाही. कॉर्ड वाजवा, आवाज अर्धा विरू द्या आणि मग तळहाताच्या कडेने बारवर वजन टाका, पंजाने धरून दाबू नका. वाजवल्या वाजवल्या हलवलं की कॉर्डच बेसूर वाटते.

जाता जाता, ट्यूनिंगची तक्रार या यंत्राच्या जन्मापासूनची आहे. मर्ल ट्रॅव्हिस या कंट्री गिटारिस्टच्या गिब्सन गिटारवर कॉफमनचा व्हायब्रोला (असंच जुनं बारचं यंत्र) होता, तो सुरात राहीना, म्हणून त्याने तो कॅलिफोर्नियात पॉल बिगस्बींकडे दुरुस्तीला नेला. बिगस्बी मोटरसायकलच्या कारखान्यात साचे करणारे कारागीर, त्यांनी दुरुस्तीचा नाद सोडून स्वतःचाच नवीन बनवला. म्हणजे ही वस्तू आलीच मुळात सूर जागेवर परत यावा म्हणून, नीट बसवली तर येतोच.

रत्नागिरीचा_अँप

दोन गोष्टी राहिल्यात. एक अर्थिंग. लेस पॉलमध्ये अर्थची वायर आतून स्टॉपबारच्या बोल्टच्या बुशला (लाकडात बसवलेली आट्यांची नळी) जोडलेली असते. व्हायब्रामेट त्याच बोल्टवर बसते म्हणून चालून जातं, पण बसवल्यावर मल्टिमीटरचं एक टोक तारेला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागाला लावून बघाच, बीप वाजला पाहिजे. नाही वाजला तर अँपमधून घूं असा आवाज येत राहणार आणि तुम्ही पिकअपला दोष देत बसणार.

दुसरं, बिगस्बीची स्प्रिंग कपात नुसती ठेवलेली असते, तारांच्या ताणाने धरलेली. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती टुणकन उडून कपाटाखाली जाते, म्हणून एकेक तार बदला. तार लावायची पण युक्ती आहे: बॉलच्या बाजूचं टोक आधी पेन्सिलीभोवती वळवून हूकसारखं करा, मग दांड्यावरच्या पिनवर चढवा, दांड्याखाली स्पंजचा तुकडा कोंबा म्हणजे निसटत नाही, आणि पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून मग खुंटी पिळा. आमच्याकडे पावसाळ्यात स्प्रिंग गंजते, फडक्यावर थेंबभर शिलाई मशीनचं तेल घेऊन पुसली की भागतं, थेट तेल ओतू नका, खाली लाकूड आहे.

निषाद_सहातारी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. गंधारजी, सा हलण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तर बी७० आणि व्हायब्रामेट असं ठरतंय, नट आधी करून घेतो. पण एका मित्राने ड्युसेनबर्ग कंपनीचा लेस ट्रेम (असाच ट्रेमोलो) सुचवला, तो पण म्हणे स्टॉपबारच्या जागीच बसतो. त्याचं काय? आणि बोल्टच्या आट्यांचा काही घोळ असतो का, मागवल्यावर बसलाच नाही असं नको व्हायला.

लाकूडकाम_नाशिक

लेस ट्रेम चांगलाच आहे. स्टॉपबार काढायचा, त्याच बुशमध्ये हा लावायचा, मागच्या बटणाला हातही लावायला नको आणि वजनाला बिगस्बीपेक्षा हलका. ज्यांची लेस पॉल आधीच जड आहे आणि उभं राहून वाजवतात त्यांना मी तोच सुचवतो. तुम्ही बसून वाजवत असाल आणि ती लहरच हवी असेल तर बिगस्बी घ्या, त्याच्या लांब बाराला जो हळूपणा आहे तो मला लेस ट्रेममध्ये तितका वाटत नाही, हे माझं मत.

आट्यांचा घोळ असतो, बरं झालं विचारलंत. अमेरिकन गिब्सनचे बोल्ट इंची मापाचे आणि आशियात बनलेल्या गिटारांचे बहुतेक मेट्रिक एम८. जाडी जवळजवळ सारखीच, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही. तारा ढिल्या करून स्टॉपबारचा एक बोल्ट काढा, हार्डवेअरच्या दुकानातून साधा एम८ चा लोखंडी नट आणा आणि बोल्टवर नुसत्या बोटांनी फिरवा. सरसर शेवटपर्यंत गेला तर मेट्रिक, एक-दीड वेढ्यात अडकला तर इंची. अडकला तर पाना लावू नका, आटे जातील. जे निघेल ते विक्रेत्याला ऑर्डरच्या आधी कळवा आणि कुठल्या मापाचे बोल्ट सोबत येतात ते लिहून घ्या.