इंदूर-नागपूर विमानाला नक्की किती वेळ? साइटवर अर्धा तास, तिकिटावर सव्वा तास

मल्हारगंजकर:
मंडळी, पुढच्या महिन्यात आईला घेऊन नागपूरला लग्नाला जायचंय. तिचे गुडघे बघता नऊ-दहा तास कारमध्ये बसवणं काही जमणार नाही म्हणून विमानाचं बघतोय. आता एका साइटवर अंतर ३८० किमी आणि वेळ जेमतेम अर्धा तास दाखवतंय, तिकीट बघायला गेलो तर सव्वा तास! रोडने ५०० च्या आसपास पडतं ते माहितीये. मग वरचा पाऊण तास जातो कुठे, मध्ये कुठे थांबतं का हे?

बिजासन_टेकडी:
थांबत-बिंबत नाही भिया. ३८० हे दोन एअरपोर्टमधलं सरळ हवाई अंतर, रोड हरदा-बैतूलवरून घाट बघत जातो म्हणून वाढतो. आणि त्या साइटवाल्यांनी ताशी ८०० धरून नुसता भागाकार केलाय, तो मोठ्या जेटचा स्पीड झाला. तुमच्या तिकिटावर एटीआर लिहिलं असेल बघा, पंख्यावालं, ते ५०० च्या आसपास उडतं, म्हणजे इथेच पाऊण तास झाला. शिवाय तिकिटावरचा वेळ हवेतला नसतोच, इथे जागेवरून हललं की तिथे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. त्यात रनवेपर्यंत जाणं, लाइनीत थांबणं, सगळं आलं.

सराफा_रात्री_१२:
त्यात वाऱ्याचंही आहे. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि उतरतं. आपला रनवे साधारण पूर्व-पश्चिम, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे नागपूर पूर्वेला असूनही विमान आधी धारकडे तोंड करून उडतं आणि मग वळसा घालून माघारी येतं. नागपूरचा रनवे वायव्य-आग्नेय, तिथे पश्चिमेचा वारा असला की एअरपोर्टच्या पुढे जाऊन आग्नेयेकडून उतरायचं. म्हणून कंपन्या वेळ जरा सैलच लिहितात, लवकर पोचलं की आपणही खूश 😄

धंतोलीची_लेक:
ते सगळं ठीक पण हिशोब घर ते घर करा. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणजे दीड-दोन तास आधी पोचा, उतरल्यावर सामान, मग सोनेगावहून टॅक्सी, चार-पाच तास धराच. वंदे भारत उज्जैन-भोपाळ-इटारसी करत फिरून जाते, आठ तासांच्या वर लागतात. पण आईंना मधून उठून चालता येतं, माझ्या सासूबाई तर विमानापेक्षा तीच बरी म्हणतात.

मल्हारगंजकर:
छे, आठ तास नको. एटीआरला शिडी असते ना पण? तिथेच गाडी अडतेय.

बिजासन_टेकडी:
असते, मागच्या दाराला, पायऱ्या मोजक्याच पण उभ्या. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा आणि पायऱ्या चढता येत नाहीत असं स्पष्ट सांगा, नुसतं व्हीलचेअर म्हटलं तर शिडीपाशी नेऊन सोडतील. सीट मागची घ्या, दार जवळ पडतं आणि पंख्याचा आवाजही कमी. आणि शेव-मिक्स्चरची पिशवी चेक-इनमध्येच टाका, वरचे कप्पे एवढुसे असतात, मग मांडीवर घेऊन बसावं लागतं.