अनुभव धागा : रानात दडवलेली पेटी आणि कोकणातल्या खुणा

दिवाळीत भाच्यांसाठी पुन्हा पेटी दडवायची आहे, म्हणून धागा काढते आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: लेटरबॉक्सिंग म्हणजे खुणांचा कागद घेऊन रानात दडवलेली पेटी शोधायची. आत वही आणि शिक्का. आपला शिक्का तिच्या वहीत, तिचा आपल्या वहीत, आणि पेटी जागच्या जागी. खेळ मूळचा इंग्लंडातल्या डार्टमूरचा. १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूलपाशी बाटली ठेवली नि तिथवर चालत जाणारे तिच्यात आपलं कार्ड टाकू लागले.

आमची पहिली पेटी २०१९ ची, दापोलीजवळ. शिक्का खोडरबर कोरून केलेला. खुणा अशा: 'बेड्यातून बाहेर पड. पाखाडीच्या एकोणीस पायऱ्या उतर. पऱ्ह्या ओलांडून किंजळीला पाठ लाव, मावळतीकडे चाळीस पावलं.' (बेडं म्हणजे आवाराचं फाटक, पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट, पऱ्ह्या म्हणजे ओढा, किंजळ हे झाड.) पुढच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं. किंजळ मुळासकट आडवी. नंतर पोरं गेली, तर पाठ लावायला झाडच नाही! धाकट्याने मुळांचा खड्डा शोधला, तिथून पावलं मोजली. पेटी मिळाली, वहीचा पार लगदा. (चाळीस पावलं माझी, त्याची साठ झाली. ही चूक मी अजून कबूल केलेली नाही.)

तुमचेही किस्से येऊ द्या.

गुहागरकर : आमच्या काकांनी पेटी खाडीपलीकडच्या आंबराईत ठेवली होती. खूण एकच: 'अष्टमीला दुपारी बाराला खाडी उतर.' मुंबईची पोरं रविवारी सकाळी १० ला हजर, तिथी एकादशी. पाणी कमरेच्या वर. काका पडवीत सुपारी कातरत बसलेले, म्हणाले, "तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ कळेल. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी." पोरं मोबाईल काढून बसली. काका हसले नाहीत, पण कातरणं थांबलं होतं.

सड्यावरचा, राजापूर : होकायंत्रावर खुणा लिहिणाऱ्यांनी जपून. देवाचे गोठणे गावच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) कातळशिल्पापाशी, म्हणजे कातळात कोरलेल्या चित्रापाशी, सुई भरकटते, हे स्वतः पाहिलंय. आणि हात जोडून सांगतो, कातळशिल्पांच्या आसपास पेटी नको. २०२२ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, आणि खणायला उतावीळ पोरं तर सगळीकडेच असतात.

मालवणहून : मी देवराईत ठेवणार होते. आजीने उंबऱ्यावरच अडवलं: "रायत काय लपवूक जाव नको, राखणदार बघता हा." वाद घातला नाही. पेटी काजूच्या बागेत गेली. तिथे राखणदार नव्हता, हुमले (चावऱ्या लाल मुंग्या) होते. शिक्का मारताना दोन्ही हात गुंतलेले, आणि मानेवर एकेक चढतोय... पुढचं लिहीत नाही.

वेंगुर्ल्याची : पावसाळ्याआधी पेटी घरी आणा. एवढंच.

धागाकर्ती : गुहागरकर, धाकट्याला पाऊणपट सांगितली. एकादशीचे सव्वाआठ त्याने तोंडी काढले. आता यंदाची पेटी खाडीपलीकडेच हवी म्हणतो, आणि मला पोहता येत नाही.