मदत हवी आहे: माटोळीच्या व्हिडिओसाठी स्टोरीबोर्डसारखी मांडणी कशात करता येईल?

डिचोलकर:
नमस्कार मंडळी. गणेशचवथीला गोव्यात आमच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, रानफळांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधतात, तिचा व्हिडिओ करतो आहे. रानातून कवंडळं नि कांगलं ही रानफळं आणण्यापासून डिचोलीच्या माटोळीच्या बाजारापर्यंत, चौकटीला सुपारीचे शिपटे (घोस) बांधण्यापासून रात्री घुमट या मातीच्या वाद्यावर होणाऱ्या आरतीपर्यंत सगळं आम्ही भावंडांनी आपापल्या फोनवर टिपलंय. कुठलं फळ कुठे मिळतं आणि का बांधतात हे काकी सांगते, त्याच्याही पुष्कळ क्लिपा आहेत. तिच्याएवढं जाणणारं घरात आता दुसरं कोणी नाही, म्हणून हे काम नीटच व्हायला हवं.

अडचण क्रमाची आहे. आधी रान, मग बाजार, मग बांधणी असं सरळ लावलं की काकीचं बोलणं शेवटी एकत्र साचतं आणि पाहणारा तोवर कंटाळतो. मला एखादं फळ रानात दिसलं की लगेच तेच माटोळीत चढताना दाखवायचंय. त्यासाठी क्लिपा सारख्या मागेपुढे करून पाहाव्या लागतात. टाइमलाइनवर छोटी क्लिप म्हणजे नुसती बारीक पट्टी. ती उचलली की मागे रिकामी जागा उरते, आणि दुसरीकडे सोडली की तिथली क्लिप झाकली जाते.

पूर्वी विंडोज मूव्ही मेकरमध्ये स्टोरीबोर्ड होता. क्लिप दोन सेकंदांची असो की दोन मिनिटांची, चौकोन सारखाच. उचला, हव्या त्या जागी ठेवा. तो जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केला, आणि त्यांच्या आताच्या क्लिपचॅम्पमध्ये टाइमलाइनच आहे. फुकटातलं, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालणारं काही सुचवाल का? चित्रं हलवताना आरतीचा आवाज मात्र मध्ये तुटता कामा नये.

मांडवीकाठ:
ॲडोबीचं प्रीमियर प्रो हे संपादनाचं सॉफ्टवेअर असेल तर प्रोजेक्ट पॅनेलमध्ये फ्रीफॉर्म व्ह्यू बघा. टेबलावर फोटो पसरावेत तशा क्लिपा पसरता येतात, एकेका फळाचा गट वेगळा ठेवता येतो. पण त्याला दरमहा पैसे पडतात.

केरी-सत्तरी:
शॉटकट हे व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. स्टोरीबोर्ड नावाचं त्यात काही मिळणार नाही, पण त्याची प्लेलिस्ट तेच काम करते. सगळ्या क्लिपा तिच्यात टाका आणि टाइमलाइनला अजून हातच लावू नका. क्लिपवर डबलक्लिक करून आय आणि ओ या कळांनी नको असलेलं डोकं-शेपूट छाटा, 'अपडेट' दाबा. मग प्लेलिस्टमध्येच ओढून ओढून क्रम लावा: रानातलं कवंडळ, काकीचं बोलणं, बांधणी. क्रम पटला की सगळ्या निवडून मेनूतून 'ॲड सिलेक्टेड टू टाइमलाइन'. त्याच क्रमाने त्या खाली उतरतात.

नंतर मध्ये काही घालायचं झालं तर क्लिप नुसती ओढून सोडू नका. व्ही कळ दाबली की पुढच्या क्लिपा सरकून जागा होते. बी दाबलं तर खालचं पुसून त्यावर बसते. काढताना एक्स दाबा, मागे पोकळी राहत नाही.

आता आरती. ती स्टोरीबोर्डात बसवायची गोष्टच नाही. मूव्ही मेकरमध्येसुद्धा आवाजासाठी टाइमलाइनवर जावंच लागायचं. ज्या फोनवर आरती सलग आली आहे त्या क्लिपवर उजवं क्लिक करून 'डिटॅच ऑडिओ' करा. आवाज वेगळ्या ट्रॅकवर येतो, त्या ट्रॅकला कुलूप लावा आणि 'रिपल ऑल ट्रॅक्स' (एक ट्रॅक सरकला की बाकीचेही सरकवणारी सोय) बंद ठेवा. घुमटावरची थाप, शामेळ (ताशासारखं वाद्य), कासाळं (झांजा) यांचे जवळचे शॉट वरच्या व्हिडिओ ट्रॅकवर, आवाज बंद करून. घुमट २०१९ पासून राज्याचं वारसावाद्य आहे. त्याची थाप आणि दिसणारा हात जुळलाच पाहिजे, गोव्यातल्या प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

आणि हो, फोनच्या क्लिपांची फ्रेमगती बहुधा बदलती असते. शॉटकट स्वतःच विचारतं, तेव्हा 'कन्व्हर्ट टू एडिट-फ्रेंडली' करून घ्या, नाहीतर लांब आरतीत आवाज हळूहळू मागेपुढे होतो. लॅपटॉप अडखळला तर सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी (संपादनापुरत्या क्लिपांच्या हलक्या प्रती) चालू करा.

डिचोलकर:
खूप आभार! प्लेलिस्टमध्ये क्रम लावून पाहिला, हेच हवं होतं. एक शंका: काकी बोलत असताना मध्ये फळ दाखवायचं असेल तर तेही प्लेलिस्टच्या क्रमात घ्यायचं का?

केरी-सत्तरी:
नको, तिचं वाक्य तुटेल. काकी खालच्या ट्रॅकवर सलग राहू दे. फळाची क्लिप वरच्या ट्रॅकवर, ती नाव घेते तिथून सुरू करा. प्लेलिस्टमध्ये फक्त कथेचा कणा ठेवा.