वेबवरचं पान कापायचं तर लिहिणाऱ्याला विचारायचं की नाही?

बालाघाटी: मी लातूरकडं सोयाबीनवर लिहितो. बीजप्रक्रियेच्या लेखात क्रमाचं कोष्टक होतं: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम हे जिवाणू. एकानं स्क्रीनशॉट धाडला. त्याच्या ॲपनं पान ‘हलकं’ केलेलं. कोष्टक गायब, खाली माझं नाव मात्र शाबूत! जिवाणू आधी लावून वर बुरशीनाशक चोळलं तर जिवाणू मरणार, अन् शिव्या मला. पानात काय बदलू द्यायचं, हे लिहिणाऱ्यानंच ठरवावं.

गोदाकाठ: का म्हणून? पान माझ्या मोबाइलात आलं की माझं. आमच्या तांड्यावर रेंजच्या दोन काड्या, फोटो गाळल्याशिवाय काही उघडत नाही. मामांना दिसत नाही, ते स्क्रीन रीडरवर ऐकतात. त्यांनी अर्ज करायचा का तुमच्याकडं?

बालाघाटी: मामांना कोण अडवतंय? ऐकताना कोष्टक गळत नाही. पैठणला नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती याच दुखण्यापायी, नकला करणाऱ्यांनी पाठ बिघडवले होते. वर ताकीद दिली, यात कुणी आपली ओवी घुसडली तर अमृताच्या ताटात नरोटी ठेवली समजा.

गोदाकाठ: अन् कोणता पाठ खरा, हे नाथांनी माउलींना विचारून ठरवलं होतं का? (हलकं घ्या दादा.) त्याच नाथांनी भागवताचा अकरावा स्कंध मराठीत आणला, तोही बदलच की.

नांदेडी: मधला दलाल अन् वाचक, दोघांना एकाच दावणीला बांधू नका. ‘कॅश-कंट्रोल: नो-ट्रान्सफॉर्म’ ही सूचना १९९९ च्या एचटीटीपी १.१ या, वेबवर पानं पोचवायच्या मानकातच आहे. ती मधल्या सर्व्हरला सांगते, मजकुराला हात लावू नको. गुगलचं वेब लाइट पानं छाटायचं, पण ही सूचना असली की छाटत नसे. २०२२ मध्ये ते बंदच झालं. वाचकाच्या ब्राउझरला मात्र ती बांधत नाही, अन् बांधूही नये. भाषांतर नको असेल तिथं ‘ट्रान्सलेट=नो’ लावता येतं, पण तीही विनंतीच. बालाघाटी, ते कोष्टक टाइप केलेलं होतं की फोटो?

बालाघाटी: …वहीचा फोटो होता.

गोदाकाठ: मंग फोटोतलं ते मामांच्या स्क्रीन रीडरलाही वाचता आलं नसणार, त्यांना कधीच ऐकू आलं नसणार!

बालाघाटी: चुकलं माझं. तरी ‘इथलं एक चित्र काढलंय’ एवढी ओळ ॲपनं ठेवायला नको का? वाचणाऱ्याला कळावं तरी, काहीतरी राहिलंय म्हणून.

गोदाकाठ: हे पटलं. मामा म्हणतात, आता टाइप करून टाका, मृगाच्या आत ऐकायचंय.